गोकुळा श्राव्य निघाली

पिपरटोल्यात आजवर माणसांना बरंच काही निघालं होतं. कुणाला साखर निघाली, कुणाला बीपी, आणि मोहल्ल्यातल्या धुरपताच्या दिराला तर मूल गावच्या दवाखान्यात एकाच दिवशी तीन गोष्टी निघाल्या. पण श्राव्य कुणी निघालं नव्हतं. तो मान ढिवरमोहल्ल्यातल्या, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतल्या गोकुळा शेंडेला मिळाला, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मे महिन्यातल्या एका दुपारी, समाजमंदिराच्या ओसरीत.

सांगणारा होता सुरेंद्र. गोंडपिपरीकडचा हा तरुण बी.एड. करून मास्तरकीच्या जागेची सहा वर्षं वाट पाहून थकला आणि शेवटी दूरच्या एका संस्थेत 'समन्वयक' म्हणून लागला. या संस्थेचा मोबाईलवरून शिकायचा एक ऑनलाइन कोर्स होता, मत्स्यबीज संगोपनाचा. मासोळीचं जिऱ्याएवढं पिल्लू आणून ते बोटाएवढं कसं करायचं, याचे चाळीस धडे. धडे सुरू व्हायच्या आधी ॲप बारा प्रश्न विचारायचं आणि उत्तरांवरून सांगायचं, की तुमचा मेंदू डोळ्यांनी शिकतो, कानांनी शिकतो की हातांनी. पुढचे धडे मग त्याच वाटेनं यायचे. सुरेंद्रचा देवावर नसेल एवढा विश्वास या बारा प्रश्नांवर होता. कामावर असताना तो शुद्ध बोलायचा आणि गडबडला की आपल्या गावच्या बोलीवर यायचा.

"गोकुळाबाई, तुम्ही श्राव्य शिकणाऱ्या आहात," तो म्हणाला.

"म्हंजे? कोनती बिमारी आहे ते?"

"आजार नाही हो. तुमचा मेंदू कानानं शिकतो. ऐकवलं की तुमच्यात पक्कं बसतं. दाखवलेलं तेवढं मुरत नाही."

गोकुळानं नकळत कानाला हात लावला. "माय वं! अन् मले आतावरी कोनी सांगतलंबी नाई."

आता हे बारा प्रश्न कसे सुटले तेही ऐकून घ्या. पहिला प्रश्न: अनोळखी गावी गेल्यावर रस्ता कसा शोधता? नकाशा पाहून, लोकांना विचारून, की अंदाजानं चालत जाऊन? गोकुळा म्हणाली, विचारून. देवानं तोंड दिलं ते कशाला? नवा पदार्थ कसा शिकता? सासूनं सांगितला तसा. वेळ जात नसला तर काय करता? पर्याय होते चित्रं काढणं, गप्पा मारणं आणि व्यायाम. आता पिपरटोल्यात वेळ घालवायला चित्रं काढणारी बाई अजून जन्माला यायची आहे, आणि दिवसभर डोक्यावर मासळीची टोपली वाहिलेली बाई संध्याकाळी व्यायाम करत नसते. राहिल्या गप्पा. अशा रीतीनं गोकुळा बारापैकी दहा गुणांनी श्राव्य निघाली.

शेजारची रोशनी ही दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली दहावी पास सून. ती शेगडीवर दूध ठेवून आली होती, म्हणून तिनं घाईघाईत प्रत्येक प्रश्नाचं पहिलंच उत्तर दाबलं आणि दृश्य निघाली. तिसरी धुरपता, पन्नाशीची. तिचा अंगठा मोबाईलच्या खालच्या टोकालाच पोचतो, आणि शेवटची उत्तरं नेमकी तिथंच होती, तेव्हा ती कृतिशील निघाली. तिघींच्या मेंदूंचा निकाल असा अर्ध्या तासात लागला आणि दूध मात्र उतू गेलं.

पण थट्टा बाजूला ठेवली तर या तिघींचं खरंच काही अडलं होतं. गावचा मोठा तलाव मच्छीमार संस्थेचा. दरवर्षी त्यात सोडायचं बी बाहेरचा एक व्यापारी पिशव्यांत भरून आणायचा. निम्मं दुसऱ्या दिवशी पोट वर करून तरंगायचं, आणि उरलेल्यात काय होतं ते जाळं टाकल्यावर कळायचं. लवकर वाढणाऱ्या कतल्याचं म्हणून सोडलेलं बी भलत्याच जातीचं निघायचं. गावातल्या अकरा बायकांच्या बचत गटानं दोन वर्षांपासून धोशा लावला होता, की देवळामागची बोडी, ते छोटं तळं, आम्हाला द्या, बी आम्ही गावातच वाढवतो. मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष लटारूभाऊ हो म्हणत नव्हते आणि नाही म्हणत नव्हते. शेवटी त्यांनी अट घातली.

"तीन बाया शिकून, परीक्षा देऊन कागद आना. पंधरा जुलैच्या सभेत बोडी तुमची. एकबी फेल झाली तं बोडी त्या व्यापाऱ्याले. तो मांगूनच राह्यला."

गटातल्या अकराजणींत मोबाईलवरचं वाचू शकणाऱ्या तिघीच. रोशनी दहावी, धुरपता सातवी, आणि गोकुळा चौथी, तीही अर्धी. म्हणजे बोडीच्या वाटेत कच्चा दुवा कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सर्वांत जास्त गोकुळाला. म्हणूनच 'श्राव्य' हा शब्द तिला इतका गोड लागला. अर्धी चौथी झालेल्या बाईला शिकायची एक स्वतःची वाट आहे, असं कुणीतरी पहिल्यांदाच म्हणालं होतं.

आठवड्याभरात या निकालांनी गावभर धुमाकूळ घातला. गोकुळाचा नवरा धनराज याला कुणी काही विचारलं नव्हतं, तरी त्यानं स्वतःला दृश्य ठरवून टाकलं. गोकुळानं पाणी आणायला सांगितलं की तो बाजेवरून म्हणायचा, "मले सांगू नोको, मी आयकून शिकनारा नाई. मी पाहून शिकनारा आहो." गोकुळानं रिकामी बादली त्याच्या पुढ्यात आदळली आणि म्हणाली, "पाहा मंग." लटारूभाऊंनी एका लग्नात आपण कृतिशील असल्याचं जाहीर केलं आणि पहिल्या पंगतीला जाऊन बसले. खुद्द गोकुळाही काही कमी नव्हती. विजेचं बिल आलं तर ते हातातही न घेता म्हणायची, "मले दाखवू नोका जी, वाचून सांगा. मी श्राव्य आहो."

धडे सुरू झाले. सुरेंद्रनं बजावून ठेवलं होतं, की कुणीही दुसरीचे धडे पाहायचे नाहीत, ऐकायचे नाहीत, मेंदू गोंधळतो. तिघींनी हे सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांसारखं मानलं. आपली पुडी आपण घ्यायची, शेजारणीची चुकूनही गिळायची नाही. रोशनीच्या मोबाईलवर मासोळीचं चित्र उघडलेलं दिसलं तर गोकुळा तोंडावर पदर घेऊन मान फिरवायची. तिचं सारं शिकणं मांडवाखाली डोळे मिटून चालायचं.

मोबाईलमधली बाई फार गोड बोलायची. आवाजावरून तिनं आयुष्यात मासोळीचा वास घेतला नसावा. मागं बासरी वाजत असे. 'कतल्याच्या पिल्लाचं डोकं मोठं असून शेपटीच्या मुळाशी डाग नसतो. रोहूच्या शेपटीच्या मुळाशी गडद पट्टा असतो. मृगळाचा डाग शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो.' गोकुळानं हे इतक्यांदा ऐकलं, की चुलीपुढं बसल्या बसल्या ती ते बासरीसकट गुणगुणू लागली. रोशनीला आवाजाशिवाय नुसती चित्रं, त्यांवर लाल बाण. आणि धुरपताला हुकूम: मातीची मासोळी बनवा, आता उभ्या राहा, हात पसरून पोहण्याची हालचाल करा. जन्मापासून तलावात पोहणारी धुरपता दुखरा गुडघा सांभाळत अंगणात कोरड्यानं पोहली. ते पाहायला अर्धा मोहल्ला जमला.

जुलै लागला आणि व्यापाऱ्याची गाडी आली. बारा पिशव्या, हवा भरून फुगवलेल्या. तलावाच्या पाळीवर, बांधावर, सगळी संस्था जमली होती. लटारूभाऊंनी एक पिशवी घमेल्यात ओतायला लावली आणि तिघींना पुढं बोलावलं.

"चला, शिकलेल्या बाया! सांगा आता, याच्यात काय आहे?"

तिघी वाकल्या. बोटाच्या पेराएवढी शेकडो पिल्लं एकमेकांच्या अंगावरून सळसळत होती. रोशनीनं मोबाईलवर पाहिलेली मासोळी पडदाभर मोठी असायची आणि मुकाट एका जागी उभी असायची. ती बावरून म्हणाली, "याईच्यावर बान नाई ना जी." धुरपतानं सवयीनं हात घातला आणि पाणी गरम आहे एवढं सांगितलं. राहिली गोकुळा. तिनं डोळे मिटले, ओठ हलवले, अख्खा धडा मनात बासरीसकट म्हटला. डोळे उघडले तर सारी पिल्लं सारखीच. मोठं डोकं कशापेक्षा मोठं? पट्टा कुठं, शंकरपाळं कुठं? सगळीकडं नुसतं चंदेरी वळवळणं.

"गोकुळाबाई," लटारूभाऊ म्हणाले, "कान लावून पाहा. सांगतील तुले."

पाळीवर हशा पिकला. सर्वांत मोठ्यानं व्यापारी हसला. "पूरा कतला आहे, भाऊ," असं म्हणून त्यानं पिशव्या सोडायला लावल्या आणि माणसांनी त्या तलावात रिकाम्या केल्या. लटारूभाऊंच्या मनात काही वाईट नव्हतं. घरचीच थट्टा होती ती. पण गोकुळाला ती फार लागली. ती तडक घरी आली आणि जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही मोबाईल तिनं कोनाड्यात पालथाच ठेवला.

धुरपता विचारायला आली तेव्हा ती म्हणाली, "माह्या जागी दुसरी कोनी पाहा, धुरपता. माह्यानं नाई होत."

"काऊन? परीक्षेले अजून नऊ दिस आहेत."

गोकुळानं कोनाड्यातला मोबाईल आणखी आत सारला. मग तिनं जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. चौथीत असताना गुरुजींनी भर वर्गात तिच्या बापाला म्हटलं होतं, की हिच्या डोक्यात काही शिरत नाही, उगाच जागा अडवते. बापानं त्याच दिवशी घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर टोपली दिली. गुरुजी कशाला खोटं बोलतील? तिनं ते खरं मानलं, आणि छत्तीस वर्षं मानलं. मग हा मोबाईल म्हणाला, की डोक्यात कानाच्या वाटेनं शिरतं. तिला केवढा आनंद झाला होता! आता कानानंही शिरलं नाही.

"म्हंजे गुरुजीचंच बराबर होतं," ती म्हणाली आणि रडू लागली.

धुरपताला समजूत घालता येत नाही. तिला वाद घालता येतो. तिनं गोकुळाला पोटभर रडू दिलं आणि मग विचारलं, "मूलच्या बजारात बासी मच्छी तुले कशी समजते?"

"गलफडे पाहून. लाल असले तं ताजी."

"अखीन?"

"दाबून. बोट रुतलं तं बासी."

"अखीन?"

"वास घेऊन. हे का पुसाची गोष्ट आहे का?"

"मंग मले सांग, तुह्यं नाक कोनत्या खात्यात टाकलं त्या मोबाईलनं?"

गोकुळानं डोळे पुसले. बारा प्रश्न तिनं एकेक करून आठवले. नाकाचं खरंच कुठं नाव नव्हतं. मच्छी विकणाऱ्या बायकांचा कोर्स काढला आणि त्यात नाकच धरलं नाही! तिला हसू फुटलं. "अन् तुले कोरड्यात पोहाले लावते," ती म्हणाली. मग दोघी इतक्या हसल्या, की धनराज बाजेवरून उठून काय झालं ते पाहायला आला. पाहून शिकणारा माणूस तो, पण त्याला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी तलावाच्या उथळ कडेला गेल्या. नवं सोडलेलं बी तिथं घोळक्यानं असतं. जुन्या लुगड्याची झोळी करून त्यांनी पाच-पंचवीस पिल्लं उचलली, पांढऱ्या ताटलीत पाण्यासकट घेतली, आणि तिन्ही मोबाईल पाळीवर शेजारी शेजारी मांडले. दुसरीची पुडी घ्यायची नाही हा नियम मोडताना रोशनीला जरा धाकधूक झाली. मग रोशनीनं मोबाईलवर चित्र उघडायचं, गोकुळानं तोंडपाठ धडा म्हणायचा आणि धुरपतानं ओल्या तळव्यावर एकेक पिल्लू धरून उजेडात न्यायचं, असं सुरू झालं.

पहिल्या दिवशी गोकुळाला काही म्हणता काही दिसलं नाही. वळवळणं दिसलं आणि मान दुखली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला शंका आली, की ताटलीतली पिल्लं एकाच जातीची नाहीत. काही जराशी डोकेबाज वाटतात आणि काही सडपातळ. का वाटतात ते तिला सांगता येईना. तिसऱ्या दिवशी धुरपताच्या तळव्यावरच्या एका पिल्लाच्या शेपटीशी तिला शंकरपाळं दिसलं. तिळापेक्षा लहान, पण दिसलं. आणि ते एकदा दिसल्यावर दुसऱ्यातही दिसलं, चौथ्यातही दिसलं. मोबाईलमधल्या गोड बाईचं बोलणं खोटं नव्हतं तर. तिनं सांगितलेलं आता कुठं कशाला तरी चिकटत होतं.

पाचव्या दिवशी गोकुळाला डाग शोधायची गरज उरली नाही. मृगळ ताटलीच्या तळाशी जाऊन बसायचा, त्यावरूनच ती सांगू लागली. आणि मग तिनं आपलं आपण मोजून काढलं, की व्यापाऱ्याच्या 'पूऱ्या कतल्यात' निम्मा मृगळ आहे. तिनं हे लटारूभाऊंना जाऊन सांगितलं. ते विडी विझवून म्हणाले, "कागद आन पह्यले, मंग बोल." पण ते हसले नाहीत.

त्याच संध्याकाळी सुरेंद्र मोटारसायकलवरून आला आणि त्यानं पाळीवरचा गुन्हा उघड्या डोळ्यांनी पाहिला. तीन मोबाईल, तीन डोकी, एक ताटली.

"अवो बाई!" तो गाडी स्टँडला लावायची विसरला. "तुम्ही दृश्य पाहून राह्यल्या! तुम्ही तं श्राव्य आहे ना!"

"बसा, सुरेंद्रभाऊ," धुरपता म्हणाली. "पाच दिस पाहून पाह्यलं तिनं. काई झालं नाई तिले."

"पन पद्धत मोडली ना! संस्थेले कळलं तं मले विचारतील. असं मिसळलं तर कुणाला कशानं आलं, ते कसं कळणार?" शेवटचं वाक्य त्याला शुद्ध जमलं, तेव्हा तो थोडा सावरला.

गोकुळानं त्याला पाणी दिलं. "भाऊ, एक पुसू का? हे गाडी चालवाले तुम्ही कसे शिकले?"

"चालवून. दोनदा पडून."

"अन् तुमच्या मोबाईलवर वाजते ते गानं?"

"ते ऐकून ऐकून पाठ झालं."

"अन् बायको?" रोशनीनं हळूच विचारलं. "पसंत कशी केली?"

सुरेंद्र लाजला. "फोटो पाहून."

"मंग तुमचा मेंदू कोनता म्हनाचा?"

"माझा दृश्य निघाला होता," तो पडेल आवाजात म्हणाला.

"फोटोपुरता असन," धुरपता म्हणाली.

सुरेंद्र काही दुष्ट माणूस नव्हता. तो बराच वेळ पाळीवर बसला, दोन कप चहा प्यायला आणि जाताना म्हणाला, की तो कुठंही कळवणार नाही. उलट गोकुळाची त्याला काळजी लागून राहिली होती. परीक्षेला मूलला खात्याच्या एक मॅडम येणार, त्या ताटलीत पिल्लं ठेवून ओळखायला लावतात, असं त्यानं ऐकलं होतं. श्राव्य माणसावर हा अन्याय होता. "मी मॅडमना सांगून तुमची परीक्षा तोंडी मागतो," तो म्हणाला. "चाळीस धडे तुमच्या तोंडी आहेत. तुम्ही पास होणं पक्कं."

परीक्षा तेरा जुलैला एका शाळेच्या हॉलमध्ये होती. साधना मॅडम मत्स्यव्यवसाय खात्यात तीस वर्षं काढलेल्या, साडीचा पदर खोचून आणि पायात रबरी चपला घालून आल्या होत्या. टेबलावर तीन पांढऱ्या ताटल्या, तीन जातींसाठी तीन वाट्या, एक बादली आणि परीक्षार्थींची यादी. रोशनी दहापैकी सात ओळखून पास झाली. धुरपतानं बीची पिशवी बादलीत तरंगत ठेवली, आतलं आणि बाहेरचं पाणी हाताला सारखं लागेपर्यंत उघडली नाही, आणि ताटलीतही सात मिळवून तीही पास झाली. मग गोकुळाचं नाव आलं, तसा सुरेंद्र कागद घेऊन पुढं झाला.

"मॅडम, या श्राव्य आहेत. यांना ताटली देऊ नका, तोंडी विचारा. कानानं शिकणाऱ्याला कानानं शिकवलं तरच..."

"हे कुणी तपासून पाहिलंय?" मॅडमनी विचारलं.

"बारा प्रश्नांचा फॉर्म भरून घेतलाय ना, मॅडम."

"म्हणजे माणसांना काय आवडतं ते विचारलंत. मला जिलबी आवडते. डॉक्टर तिच्यावरून माझं औषध ठरवत नाही." मग त्या गोकुळाकडं वळल्या. रागावल्या नव्हत्या. "बाई, परीक्षा तुमची आहे. तुम्ही सांगा, तोंडी देता की ताटली?"

गोकुळानं ताटलीकडं पाहिलं. तोंडी म्हणजे पक्कं. कुठूनही विचारा, ती बासरीसकट म्हणून दाखवेल. ताटलीत दहा पिल्लं होती आणि त्यातली सहा तरी यायला हवीत. तिचा सराव आपल्या तलावाच्या पाण्यावर, उन्हात झालेला. इथं पंख्याच्या वाऱ्यानं पाणी हलत होतं आणि वर ट्यूबलाइट फडफडत होती. ती चुकली तर बोडी व्यापाऱ्याची. दाराशी रोशनी दोन्ही हात जोडून उभी होती, आणि तिचा चेहरा साफ म्हणत होता, तोंडी घे, काकू, तोंडी घे. पण तोंडी कागद मिळाला, बोडीही मिळाली, आणि पुढल्या जुलैत पिशवी घमेल्यात ओतून सगळे आपल्याकडं पाहू लागले, की मग काय? पुन्हा डोळे मिटायचे? ते तिला नको होतं. भीती वाटत होती, तरी नकोच होतं.

"बोडीत मच्छी तोंडी येत नाई, बाई," ती म्हणाली. "ताटली द्या."

तिनं आधी पंखा बंद करायला लावला. मग ताटली दोन्ही हातांनी उचलून खिडकीशी नेली आणि पाणी स्थिर होईपर्यंत नुसती उभी राहिली. सुरेंद्र घड्याळ पाहत होता. मॅडम पाहत नव्हत्या. गोकुळानं तळवा ओला केला, एक पिल्लू उचललं, उजेडात धरलं आणि पहिल्या वाटीत सोडलं. मग दुसरं. मधे एकदा ती अडली, तिनं ओठांतल्या ओठांत धडा म्हटला, पुन्हा पाहिलं. दहावं पिल्लू वाटीत सोडलं तेव्हा पाऊण तास झाला होता आणि तिच्या पाठीवरून घामाची धार लागली होती.

मॅडमनी चष्मा लावून तिन्ही वाट्या तपासल्या. "नऊ बरोबर," त्या म्हणाल्या आणि यादीवर सही केली. "आज सगळ्यांत जास्त तुम्हालाच."

रोशनीनं जी किंकाळी मारली ती बाहेर रस्त्यावर ऐकू गेली. लगेच तिनं लटारूभाऊंना फोन लावला, "बोडी आपली झाली जी!" धुरपता मिरवणूक काढल्यासारखी हॉलभर फिरली. सुरेंद्रचे डोळे भरून आले होते; त्यानं मोबाईल काढून फोटोसाठी गोकुळाला हाक मारली. पण गोकुळा टेबलापाशीच उभी होती.

"अन् दहावा?" तिनं मॅडमना विचारलं.

"जाऊ द्या ना बाई, पास झालात तुम्ही."

"नाई जी. चुकला तो दाखवा मले."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग रोहूच्या वाटीतलं एक पिल्लू चमच्यानं उचलून ताटलीत घेतलं. हा मृगळ होता. शेपटीशी डाग होता, पण फिसकटलेला, पट्ट्यासारखा वाटणारा. दोघी ताटलीवर वाकल्या. गोकुळा "हौ... हौ," करत पाहत राहिली. चुकलेलं इतक्या आनंदानं पाहायची तिची ही पहिलीच वेळ होती. सुरेंद्रही मोबाईल खिशात टाकून जवळ आला. दोन वर्षं हा कोर्स चालवूनही त्यानं मासोळीचं पिल्लू असं समोर घेऊन कधी पाहिलं नव्हतं.

"कुठी आहे डाग?" तो म्हणाला. "मले तं काईच दिसून नाई राह्यलं."

गोकुळानं ताटली त्याच्या बाजूला, उजेडाकडं सरकवली.

"घाई नोका करू, भाऊ," ती म्हणाली. "मलेबी पह्यल्या दिवशी नव्हता दिसला. पाहत राहा."